रात्रीचा प्रवाह

गावाच्या पूर्वेला तीन तळी आहेत.
नकाशात निळी.
पहिल्यात येतं ते येतं, दुसऱ्यात निवतं,
तिसऱ्यात बदकं उतरतात.
त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

मी बिस्मार्कहून येते, वर्षातून दोनदा,
शीतपेटीत बाटल्या, पायांत गुडघाभर बूट.
व्हर्लिन टॉफ्टे फाटकाशी उभा असतो.
सांडपाण्याचा ऑपरेटर तोच,
रस्त्यावरचं बर्फ तोच काढतो,
दफनभूमीतलं गवतही तोच कापतो.
"सगळं गाव माझ्या हाताखालून जातं," म्हणतो,
"कुणी एकदा, कुणी रोज."

एकशे अठ्ठेचाळीस माणसं.
त्यांचं त्याला कळतं आणि तो बोलत नाही:
मॅच संपल्यावर पंपाला लागलेली धाप,
थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी साय धरावी तशी चरबी,
चाळणीत अडकलेल्या रंगीत गोळ्या,
म्हणजे कुणाचं तरी दुखणं संपलं,
एका किंवा दुसऱ्या अर्थाने.

आमच्याकडे म्हणत, मोरीत गेलं ते गेलं.
जात नाही.
परसात न्हाणीचं पाणी अळूला सोडलेलं असे,
आई तीच पानं खुडून फदफदं करायची
आणि पाहुणे पुन्हा मागून घ्यायचे.
पाणी कुठलं, हे एकानेही विचारलं नाही.

एप्रिलात बर्फ फुटतं, तळी कूस बदलतात,
तळाचं वर येतं.
मग पंधरा दिवस गाव नाकाला रुमाल लावून
व्हर्लिनला फोन करतं,
जणू ते सगळं त्याचंच.

या खेपेला मी नोंदवही चाळत होते.
अक्षर गोल, शाळकरी.
नोव्हेंबरपासून रात्री दोन ते चार
मीटर शून्याला टेकत नव्हता.
गाव झोपलेलं, आणि मिनिटाला दोन गॅलन
कुणीतरी जागं.

तो झाकणं उचलत गेला.
कुदळीने बर्फ फोडून, टॉर्च काखेत धरून.
चर्चपाशी कोरडं. धान्याच्या कोठारापाशी ओलं.
एका रात्री एक मॅनहोल, कधी दोन,
आणि शेवटच्या वळणावर
आर्डिस नूडसनचं घर.
कमोडच्या टाकीतलं झिजलेलं रबर.
चार डॉलरचं काम.

त्याखालची नोंद:
कारण सापडलं. तसंच ठेवलं.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.
तळ्यांची क्षमता, हिवाळ्यातला साठा,
मे महिन्यात ओढ्याला किती सोडायचं,
मला पाठ आहे, त्याला माझ्याहून जास्त.
तो टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधत राहिला.
"ऑर्व्हिल गेल्यापासून," म्हणाला,
"तिला तो आवाज लागतो.
आत कुणीतरी आहे
आणि आत्ता दिवा मालवून बाहेर येईल, असं वाटतं म्हणे."
मग जरा थांबून,
"विहीर तिची स्वतःची आहे. पाण्याचं बिल येत नाही."
मी ते विचारलं नव्हतं.

फॉर्मवर कारणांची यादी असते:
गळती, झिरप, पावसाचं पाणी, इतर.
मी 'इतर'वर खूण केली.
पुढे तीन रिकाम्या ओळी होत्या, रिकाम्याच राहिल्या.
पकडलं कुणी तर माझंच अक्षर.

तिसऱ्या तळ्याशी वाळलेली पाणकणसं उभी होती,
वाऱ्यात कापूस सोडत.
बाटली बुडवली, हात कोपरापर्यंत बधिर.
उन्हात धरून पाहिलं.
जवळजवळ पाणी.

"पुढच्या साली मी नसेन इथे," व्हर्लिन म्हणाला,
"गुडघे गेले. परवान्याची परीक्षा द्यायला कुणी तयार नाही.
पोरं विचारतात, वास किती येतो.
झाकणं कोण उचलणार, हे कुणी विचारत नाही."

मी लेबलावर वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस,
आणि बाटलीचं झाकण
पुन्हा एकदा आवळलं.